माई वन्सं आणि माएबूर

“वहिनी, हे गाव कुणाला सांगू नकोस हं,” माई वन्सं म्हणाल्या.

“का? चोरीचा माल आहे?”

त्यांनी उत्तर दिलं नाही, कारण तोंडात दालपुरी होती. मॉरिशसमध्ये दालपुरी जोडीनं मिळते. कागदावर दोन पातळ पुऱ्या, त्यांवर पावट्याहून मोठ्या पांढऱ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचा रस्सा, लोणचं, मिरचीचा ठेचा, आणि मग सगळ्याची मिळून एक गुंडाळी. पुरीत चण्याची डाळ वाटून भरलेली असते. गूळ घालायचा राहून गेलेली पुरणपोळीच म्हणा. खाताना रस्सा कोपरापर्यंत येणार हे ठरलेलं, तसा तो आमच्या दोघींच्याही आला होता. समोर उथळ, हिरवट-निळं पाणी, त्यात मूशुआर रूज नावाचं एवढंसं बेट. नावाचा अर्थ लाल रुमाल. बेटावर लाल छपराचं एकच घर. डाव्या हाताला लांबवर बसलेल्या सिंहासारखा डोंगर, आणि त्याचं नावही लायन माउंटन. या बाबतीत तिथल्या लोकांनी फार डोकं चालवलेलं नाही.

“कसं सगळं जसंच्या तसं आहे बघ,” घास गिळून वन्संनी वाक्य पुरं केलं.

“कशाच्या तसं? तुम्ही तर पहिल्यांदाच आलाय ना इथं?”

आमचं भांडण इथून सुरू झालं आणि संध्याकाळच्या बसपर्यंत पुरलं.

आधी नातं सांगते, म्हणजे भांडण कळेल. वन्सं माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या, पण मी त्यांच्या थोरल्या भावाची बायको. म्हणून त्या मला ‘अगं वहिनी’ म्हणतात, मी त्यांना ‘अहो वन्सं’. पुण्यात तीस वर्षं त्यांनी भूगोल शिकवला. मी मालवणात दांडीच्या किनाऱ्याजवळ निवास-न्याहारी चालवते. चार खोल्या, सकाळी आंबोळ्या, सांगितलं तर रात्री माशाचं जेवण. ज्या घरात मी हे चालवते ते वन्संचं माहेर, आणि माझं सासर. घर एकच, पण त्या मे महिन्यात आठ दिवस येतात आणि मी उरलेले तीनशे सत्तावन्न दिवसही तिथंच असते. माडीवरची समुद्राकडच्या खिडकीची खोली मी पाहुण्यांना देत नाही, ती वन्संची. भर हंगामात ती रिकामी ठेवायला काय पडतं ते मी कधी बोलून दाखवलेलं नाही. इथं लिहिते आहे, तर आता कळेल त्यांना.

त्यांचा मुलगा एबेनला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तो कामावर गेला की आम्ही दोघी बसनं भटकायचो. त्या सोमवारी क्युरपिपहून माएबूरची बस धरली. क्युरपिप उंचावर, तिथं पावसाची भुरभुर आणि अंगावर शाल. खाली उतरू लागलो तसा उकाडा वाढला आणि दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला. उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे ढिगारे, देवळाएवढे उंच. जमीन लागवडीला आणताना मजुरांनी हातानं वेचून रचलेले, वन्सं म्हणाल्या. समोरून येणाऱ्या बसमध्ये पोरं-पोरी दाटीवाटीनं उभ्या होत्या, काहींच्या अंगावर हॉटेलचे गणवेश. मी ते मनात टिपून ठेवलं. भांडणात उपयोगी पडतं.

माएबूर हे आग्नेय किनाऱ्यावरचं पंधरा-सोळा हजार वस्तीचं गाव. फ्रेंचांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आखलेलं, म्हणून रस्ते रुंद आणि काटकोनात. नाव माहे द ला बुर्दोने या फ्रेंच गव्हर्नराचं. यानंच 1746 मध्ये इंग्रजांकडून मद्रास घेतलं होतं. आपल्याकडच्या, केरळच्या किनाऱ्यावरच्या, माहेचं नावही त्याच्याशी जोडतात. विमानतळ गावापासून हाकेच्या अंतरावर. म्हणजे मॉरिशसला येणारा प्रत्येक मधुचंद्रवाला या गावाच्या उशाशी उतरतो आणि गाडीत बसून पलीकडच्या किनाऱ्यावर निघून जातो.

“म्हणूनच वाचलंय,” वन्सं म्हणाल्या. “परवा उत्तरेला ग्रां बे बघितलंस ना? तेही कोळ्यांचंच गाव होतं. आता तिथं काय आहे? दुकानं, दारूचे गुत्ते आणि होड्यांचे दलाल.”

“हे पुळण नाही म्हणून वाचलंय, वन्सं. गावाच्या पुण्याईनं नव्हे. इथं पाण्यात पाय घालायचा तर चिखल आणि दगड. पुळण आहे ती तिकडं, पाँत देस्नी नि ब्लू बेला, आणि तिथं जाऊन बघा बंगले किती झालेत ते. किनारा म्हणे सगळा सरकारचा, कुणीही जाऊन बसावं. पण मागची पट्टी भाडेपट्ट्यानं दिली की पुढं जायची वाट कुठून?”

“तेच म्हणतेय मी! इथं तरी तसं होऊ नये.”

“होऊ नये म्हणणारे आपण कोण? सकाळची बस पाहिलीत ना? ती पोरं पहाटे उठून कुठं जात होती? हॉटेलात खाटा घालायला. त्याच खाटा त्यांनी आपल्या आईच्या घरात घातल्या असत्या तर तुमचं काय गेलं असतं? तुम्हाला गाव जसंच्या तसं हवं, म्हणून त्यांनी रोज दोन बसा बदलायच्या?”

वन्संनी हात पुसले आणि वर्गात पुढच्या बाकावरच्या मुलीकडं बघावं तसं माझ्याकडं बघितलं. “वहिनी, तू शेवटची समुद्रावर कधी गेली होतीस?”

“मी समुद्रावरच राहते.”

“राहतेस. पण गेली कधी होतीस?”

मी गप्प बसले. आठवत होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं. नोव्हेंबरात गेले होते, नाशिकच्या पाहुण्यांच्या पोराची एक चप्पल वाळूत राहिली होती ती शोधायला.

“सत्त्याण्णव साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला तेव्हा आपण पेढे वाटले होते,” वन्संचं सुरूच. “आज दिवाळीत मालवणच्या बाजारात पाऊल ठेवता येत नाही. किल्ल्याच्या होडीला रांग, पाण्यावर बनाना राइड आणि आकाशात छत्र्या. मेमध्ये तुमच्याकडं टँकर येतो. आमच्या अण्णांच्या वेळी विहिरीला चैत्रातसुद्धा पाणी होतं.”

“अण्णांच्या वेळी घरात संडास नव्हता, तेही सांगा ना. आणि खळं दर पंधरा दिवसांनी सारवायचं कोण, हा प्रश्न माहेरवाशिणीला कधी पडला नाही.”

खळ्याचं दुखणं जुनं. चार वर्षांपूर्वी मी अंगणात लाद्या घातल्या. वन्सं त्या मेमध्ये आल्या, उंबऱ्यात उभ्या राहिल्या, आणि दोन दिवस माझ्याशी जेवणापुरतंच बोलल्या.

असं बसून राहिलो असतो तर दालपुरी पचली नसती. उठलो आणि गावाच्या कडेच्या संग्रहालयात गेलो. अठराव्या शतकातलं मोठं घर, भोवती झाडी. वन्संना तिथं हवा तसा विषय मिळाला. ऑगस्ट 1810 मध्ये याच खाडीत इंग्रज आणि फ्रेंच आरमाराची लढाई झाली. फ्रेंच जिंकले आणि त्या विजयाचं नाव पॅरिसच्या आर्क द त्रियॉम्फवर कोरलं गेलं. लढाईत इंग्रजांच्या विलोबीचा डोळा गेला, फ्रेंचांच्या द्युपेरेच्या तोंडाला जखम झाली, आणि दोघांवरही उपचार झाले ते या घरात.

“दोघांना एकाच घरात ठेवलं?” मी विचारलं.

“हो. काय औदार्य बघ.”

“जेवणखाण कोण करत होतं त्यांचं?”

वन्संनी फलक परत वाचला. ते त्यावर नव्हतं. जखमेची पट्टी बदलणारी, पेज भरवणारी, एकाच्या खोलीतून दुसऱ्याच्या खोलीत आवाज जाऊ नये म्हणून दार ओढून घेणारी कुणी तरी असणारच. पॅरिसच्या त्या कमानीवर तिचं नाव नाही. नोव्हेंबरअखेर इंग्रज मोठं आरमार घेऊन परत आले आणि डिसेंबरात सगळं बेटच घेतलं. तेव्हा तिनं पुन्हा चादरी बदलल्या असतील. मला त्या लढाईत एवढंच दिसलं. धंद्याची नजर, दुसरं काय.

वन्संचा मुद्दा खरा पटला तो दुपारी. गावाच्या कडेनं ला शो नदी समुद्राला मिळते. तिच्यावरचा कॅव्हेंडिश पूल ओलांडला की व्हील न्वार नावाची वस्ती लागते, आणि तिथं 1870 पासून कसाव्याची बिस्किटं करणारा एक कारखाना आहे. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच हा कसावा. कारखाना म्हटल्यावर जे डोळ्यांपुढं येतं तसं काही तिथं नाही. पत्र्याखाली चारपाच खोल्या, धूर आणि गोडसर वास. कंद सोलून, धुऊन किसतात, कीस दाबून पाणी काढतात, वाळवतात, चाळतात. मग बाया तापल्या लोखंडी तव्याशी बसतात. तव्यावर चौकोनी साचा. त्यात ते ओलसर पीठ भरायचं, पट्टीनं एका हातात सपाट करायचं, साचा उचलायचा. भाजलं की उलटायचं. माझ्यासमोरच्या बाईचा हात थांबतच नव्हता आणि डोळे पिठावर नव्हतेच, ती शेजारणीशी कसल्याशा गोष्टीवरून वाद घालत होती. चुलीत लाकूड नाही, गॅस नाही. उसाचं वाळलेलं पाचट.

शेवटी चहाबरोबर एकेक चव मिळते. नारळ, दालचिनी, तीळ, बडीशेपेसारखं काही. बिस्कीट कोरडं ठक्क, टाळूला चिकटतं. चहात बुडवलं की मग कळतं.

“हे बघ,” वन्सं म्हणाल्या, आवाज आता शिकवण्याचा नव्हता. “ही बिस्किटं इथले लोक चहाला खातात म्हणून भट्टी पेटते. आपण आलो, तिकीट काढलं, बघितलं, गेलो. उद्या कुणी आलं नाही तर ती बाई तव्याशी बसणारच आहे. तुझ्याकडं उद्या कुणी आलं नाही तर?”

माझ्याकडं याला उत्तर नव्हतं, कारण ते मी एकदा जगले आहे. 2020 च्या टाळेबंदीतला एप्रिल-मे. नोंदवलेल्या सगळ्या खोल्या एका आठवड्यात रद्द झाल्या, आगाऊ पैसे परत करावे लागले, सोसायटीचा हप्ता तसाच. सुरमई घेऊन येणारी बाई दारात उभी राहायची आणि मी नाही म्हणायची. शेवटी यांनी चुलतभावाच्या होडीवर जाऊन पंधरा वर्षांनी जाळं हातात घेतलं. पहिल्या दिवशी तळहात सोलून आले. रात्री खोबरेल लावून देताना हे म्हणाले, “आपण मासे मारणारे होतो का गं कधी, की फक्त तळून वाढणारे?” त्या वर्षीपासून हे आठवड्यातून दोनदा होडीवर जातातच, खोल्या भरलेल्या असल्या तरी. आधी मी कटकट करायची. त्या तव्यासमोर उभी असताना मला कळलं की यांना काय कळलंय.

म्हणजे पाहुणा नकोच असं नाही. पाहुणा ही वरची साय. दूधच पाहुण्याचं असलं की पंचाईत. एवढं मी वन्संपाशी कबूल केलं, पण लगेच पुढचं वाक्य टाकलं, नाहीतर त्यांनी ते मेपर्यंत पुरवून पुरवून वापरलं असतं.

“पण त्याच साली इथं काय झालं? यांचा तवा होता, होड्या होत्या, सगळं स्वतःचं होतं.”

वन्संना ते माझ्याहून जास्त माहीत होतं. 25 जुलै 2020 ला वाकाशिओ नावाचं जपानी मालकीचं प्रचंड मालवाहू जहाज पाँत देस्नीसमोरच्या प्रवाळावर चढलं. बारा दिवसांनी टाकी फुटली. साधारण हजार टन तेल या पाण्यात आलं, दालपुरी खाताना समोर होतं त्याच पाण्यात. खारफुटी काळी, होड्या काळ्या. बेटाच्या सीमा मार्चपासून बंद होत्या, हॉटेलं ओस. मग माएबूरच्या धक्क्यावर माणसं जमली. शेतातून उसाचं पाचट आणलं, कापडाच्या लांबलांब खोळी शिवून त्यांत ठासलं, तरंगावं म्हणून प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या बांधल्या, आणि या उशा पाण्यात सोडून तेल अडवलं. केस तेल धरतात असं कळल्यावर लोकांनी केस कापून दिले.

“बघितलंस? बाहेरचं कुणी नव्हतं तेव्हा,” वन्सं म्हणाल्या. “स्वतःचं पाणी स्वतः राखलं त्यांनी.”

“राखलं. पण तेल कुणाचं होतं? ते जहाज काही माएबूरला बघायला आलेलं नव्हतं. गावानं दार लावून घेतलं म्हणून समुद्राला दार बसत नाही, वन्सं. जगानं गावाला विसरावं म्हणून गाव वाचत नाही. या उसातले ते दगडांचे ढीग कुणी रचले? तुम्हीच म्हणालात, रत्नागिरीकडची माणसंही होती त्यात. ती का आली जहाजात बसून? त्यांची गावं अगदी जशीच्या तशी होती. काही म्हणता काही बदललेलं नव्हतं तिथं, ना पीक, ना सावकार.”

वन्सं पुलाच्या कठड्याला टेकून बराच वेळ खाली बघत राहिल्या. पाण्यात एक माणूस कमरेइतक्या खोलीत उभा राहून होडी खरवडत होता.

“ते खरं,” त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, “पण खळ्यातल्या लाद्या मला अजून आवडत नाहीत.”

सोमवार हा माएबूरच्या बाजाराचा दिवस. सकाळी आम्ही तो ओलांडून गेलो होतो, संध्याकाळी बस पकडायला परत त्यातूनच आलो तेव्हा आवराआवर चालली होती. कपडे, तवे, लाल लिची, अननस सोलून काडीला लावलेले, पालेभाज्यांच्या जुड्यांचे ढीग. तिथं पालेभाजीला ‘ब्रेद’ म्हणतात आणि तिचा पातळ रस्सा भातावर घेतात. गिऱ्हाईक सगळं गावचंच. आमच्यासारख्या दोघीतिघीच, हातात फोन धरून टोमॅटोचे फोटो काढणाऱ्या. मीही काढला एक. वन्संनी चार.

मिरच्या घ्यायला एका बाईपाशी थांबलो. साठीची असेल. माझ्या खांद्याला आमच्या निवासाची कापडी पिशवी होती. दरवर्षी पन्नासेक छापून घेते, पाहुण्यांना देते. बाईनं पिशवीकडं बघितलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला, आणि बोट हवेत एकेका अक्षराशी नेत वाचलं, “मा… ल… व… ण.”

आम्ही दोघी पुतळ्यासारख्या.

मग तिची क्रिओल, वन्संची इंग्रजी आणि माझे हातवारे यांतून हळूहळू एवढं निघालं की तिची आजी मराठी होती, शाळेत तिनं चार वर्षं मराठी घेतली होती, बोलता येत नाही पण अक्षरं विसरलेली नाहीत. गणपती घरात बसतो. चतुर्थीला इथं देशभर सुट्टी असते, तेव्हा सगळी भावंडं जमतात आणि रात्री झाकरी होते. झाकरी म्हणजे काय ते मला कळेना, तशी ती टोपलीच्या मागून उठली आणि कमरेवर हात ठेवून दोन पावलं पुढं, एक मागं नाचून दाखवली. आमच्याकडची जाखडी! ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यांनी शिमग्यात नाचावी तशी, गुडघ्यात वाकून. शेजारचा कपडेवाला हसत सुटला.

बसल्यावर तिनं पिशवीवरच्या अक्षरांवर पुन्हा बोट ठेवलं आणि विचारलं, “एना लामेर लाबा?”

लामेर म्हणजे समुद्र, हे भाच्यानं शिकवलं होतं. तिथं समुद्र आहे का, असं विचारत होती. आम्ही दोघींनी एकदमच माना हलवल्या. मी पर्समधून निवासाचं कार्ड काढून दिलं. तिनं ते वाचलं नाही, नीट घडी करून चोळीत ठेवलं, आणि मोजून दिलेल्या मिरच्यांवर आणखी मूठभर टाकल्या.

बसमध्ये वन्सं खिडकीशी बसल्या. ऊस सुरू झाला, अंधारायला लागलं, दगडांचे ढीग आधी जांभळे आणि मग दिसेनासे झाले. रोझ बेल गेल्यावर त्या म्हणाल्या, “कार्ड दिलंस तिला.”

“दिलं.”

“आणि मला सांगतेस, गाव लपवू नका.”

“लपवलं कुठं? फक्त मे सोडून ये म्हणून सांगायला हवं होतं, ते राहिलं.”

“मेमध्येच येऊ दे. तेव्हा घरात सगळे असतात.” क्युरपिपची थंड हवा खिडकीतून आत यायला लागली, वन्संनी शाल ओढून घेतली. “माडीवरची खोली दे तिला. पैसे घेऊ नकोस.”

“आणि तुम्ही कुठं झोपणार?”

“खळ्यात,” वन्सं म्हणाल्या. “लाद्या आहेत ना आता.”